नाव झाकून वाचलेली स्लाइड

सुलू, तुझं तेरावं झालं आणि त्याच आठवड्यात मी आपल्या लॅबच्या नव्या डॉक्टरसाहेबांशी भांडले. भर मीटिंगमध्ये. तू असतीस तर टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला असतास आणि चेहरा असा केला असतास की जणू ही बाई कोण, मी ओळखतच नाही. तू नव्हतीस, म्हणून मला अडवायला कोणी नव्हतं, आणि माझं तोंड तुला ठाऊक आहे. एकदा सुटलं की सुटलं. सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत बसले होते.

झालं काय, तर साहेबांनी जाहीर केलं की सुलभाताईंची जागा भरली जाणार नाही. नवं मशीन आलंय, ते पेशींचे फोटोसुद्धा काढतं. तेव्हा पहिल्या तारखेपासून एक स्लाइड एकाच माणसाने वाचायची. दुसरी नजर बंद. माहीमहून येणारी रेश्मा, जी तू आजारी पडल्यापासून तुझ्या जागी बसते, तिला खाली रक्त गोळा करायच्या खिडकीवर पाठवायचं. रिपोर्ट लवकर निघतील, नातेवाइकांची खिडकीवरची आरडाओरड थांबेल. साहेब वाईट माणूस नाही गं. माणसं कमी, काम दुप्पट, वरून दट्ट्या. पण 'दुसरी नजर बंद' हे तीन शब्द त्यांनी असे म्हटले, जसा कोणी म्हणतो की कॅन्टीनमध्ये आजपासून बटाटेवडा बंद.

मी म्हटलं, साहेब, ती सुलभाने सुरू केलेली पद्धत आहे. ते म्हणाले, म्हणूनच मला आदर आहे. आदर! आदराचं काय लोणचं घालायचं?

तुला भोईवाड्याच्या स्मशानात पोचवायला आलो होतो तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिलीय. तुझ्या बिल्डिंगमधले कोणी एक काका तुझ्या दिराला विचारत होते, वहिनी हॉस्पिटलात नेमकं काय करायच्या? तुझा दीर म्हणाला, रक्त काढायच्या. मी दोन पावलांवर उभी होते. तिथे, त्या जागी, माझ्या डोक्यात सणक गेली. अख्खी नोकरी तू रक्त बघण्यात घातलीस, आणि घरच्यांना अजून वाटतं की तू सुया टोचत होतीस! मी पुढे झाले आणि त्या काकांना धरून समजावलं. म्हटलं, काका, रक्त काढणारे वेगळे. काढलेलं रक्त मशीनमध्ये जातं, मशीन पेशी मोजतं. मोजताना त्याला काही विचित्र वाटलं की ते घंटी वाजवतं. मग त्या रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर पसरवून, रंगवून आमच्यापुढे येतो. आम्ही मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी डोळ्यांनी बघतो आणि सांगतो, हा साधा ताप आहे की हा कॅन्सर आहे. आम्ही वाईट म्हटलेली स्लाइड डॉक्टरांकडे जाते, ते पुन्हा तपासतात. आम्ही साधी म्हटलेली स्लाइड मात्र परत कोणीच बघत नाही. काका म्हणाले, बाप रे, म्हणजे जबाबदारीचं काम. मी म्हटलं, तेच. मग मला रडू आलं आणि काकाच मला पाणी आणायला धावले.

आपण दोघी एकाच आठवड्यात कामाला लागलो. तू लालबागची, मी भोईवाड्याची. बाप दोघींचे गिरणीतले, संपात दोघांच्याही घरी चुली सारख्याच थंड पडलेल्या. पहिल्या दिवशी तेव्हाच्या मोठ्या मॅडमनी मला एक स्लाइड दिली आणि म्हणाल्या, बघून सांग. मी डोळा लावला. काही दिसेना. चाक फिरवते, फिरवते, नुसतं धुकं. मॅडम मागे उभ्या, माझ्या पाठीतून घाम. तू शेजारून, ओठही न हलवता पुटपुटलीस, "उलटी आसा ती." स्लाइड पालथी लावली होती मी! रक्त खाली, कोरी काच वर. आपल्या धंद्यात यापेक्षा मोठी फजिती नाही, आणि ती प्रत्येकाची एकदा होते. मी मुकाट्याने उलटवली आणि समोर लख्ख पेशी उभ्या राहिल्या. मालवणी तुझ्या तोंडून फक्त घरात आणि आणीबाणीत निघायची. त्या दिवसापासून माझ्यापुरती सगळीच आणीबाणी झाली.

मग एकदा तू मला घरी नेलंस. तुझ्या आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, तिरफळं घालून. जेवणाआधी चहा आला. तुम्हाला सगळ्यांना कपबशी आणि मला स्टीलचा एक वेगळा पेला, कडेला बारीक पोचा आलेला. तुझ्या आईने मला नाव विचारलं होतं, मग आडनाव. आडनावानंतर पेला बदलला. मला ते नवीन नव्हतं. मी पेला उचलणार, तेवढ्यात तू हात पुढे केलास, तो पेला घेतलास, माझ्यापुढे तुझी कपबशी सरकवलीस आणि खिडकीबाहेर बघत चहा पिऊन टाकलास. आईशी भांडली नाहीस, मला सॉरी म्हणाली नाहीस. त्यानंतर त्या घरात वेगळा पेला मला कधी दिसला नाही. भोईवाड्याहून परतल्यावर तीच तुझी आई, आता पाठीत वाकलेली, माझा हात सोडायला तयार नव्हती. म्हणाली, तू तरी येत जा गो. मी जाते. दर रविवारी जाते.

पण त्या चहाच्या दिवशी जिना उतरताना मी तुला एक वाक्य बोलले होते. आडनाव कळलं की माणसाची नजर बदलते. तू भराभर पायऱ्या उतरत राहिलीस. मला वाटलं, तुला लागलं असेल. काही दिवसांनी सकाळी तू पांढऱ्या चिकटपट्टीचा गुंडा घेऊन आलीस आणि ट्रेमधल्या सगळ्या स्लाइडवर नाव छापलेल्या टोकाला पट्टी चिकटवत बसलीस. मी विचारलं, हे काय नवीन खूळ? तू म्हणालीस, नजर बदलते म्हणालीस ना, मग नावच नको. नाव नको, वय नको, कुठल्या डॉक्टरचा पेशंट तेही नको, नंबर तेवढा दिसू दे. एकीने वाचायचं, चिठ्ठीवर लिहून घडी घालून ट्रेखाली सारायचं. दुसरीने काही न विचारता वाचायचं आणि मोठ्याने सांगायचं. मग चिठ्ठी उघडायची. जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर दोघींनी बघायचं, आणि स्लाइड डॉक्टरांकडे. आणि पेशंट ओळखीचा निघाला तर ज्याला ओळख आहे त्याने हात लावायचा नाही. मोठ्या मॅडमनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाल्या, चालू ठेवा. नाव मीच दिलं, दुसरी नजर. तुला ते फिल्मी वाटायचं.

किती वर्षं तो खेळ खेळलो आपण! खेळच म्हणते. तू वाचून चिठ्ठी सारलीस की मी मुद्दाम वेळ लावायचे, 'हं', 'अरेच्चा' असे आवाज काढायचे, तू चिडायचीस. पैज लागायची, हरणारीने दुपारी पीयूष पाजायचं. पण पीयूष फारसं कोणी प्यालं नाही, कारण आपली उत्तरं जुळायचीच. एका ताटात जेवणाऱ्यांच्या जिभा जशा एकसारख्या होतात तशा आपल्या नजरा झाल्या होत्या. हेच पुढे माझ्या अंगाशी आलं. ते सांगते, पण आधी तुझी स्लाइड.

ती गोष्ट मी कोणाला सांगत नाही. लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे, तरी कोणी काढत नाही.

जेवणानंतरची वेळ. तू ट्रे पुढे केलास, नेहमीसारखा. तुझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं काही दिवस, दंडावर निळे डाग होते. मी विचारलं तर म्हणालीस, ओट्याचा कोपरा लागला. मी म्हटलं, ओटा काय रोज उठून मारतो तुला? तू हसण्यावारी नेलंस. तर ट्रेमधल्या तिसऱ्या का चौथ्या स्लाइडवर मी डोळा लावला. मोठाल्या, कच्च्या, एकसारख्या पेशी. पिकायच्या आधीच रक्तात उतरलेल्या. आपण त्यांना ब्लास्ट म्हणतो, रक्ताच्या कॅन्सरच्या. मी नेहमीच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ब्लास्ट आहेत. गच्च भरलेत. कोण आहे हा? आधी फोन लाव तिकडे."

तू चिठ्ठी उघडलीस. त्यावर तुझ्या अक्षरात तेच होतं. मग तू नखाने पट्टी सोलून काढलीस, सावकाश, काच खरवडू नये म्हणून जपून. खाली तुझं नाव.

"फोन कोणाक करतलंस?" तू म्हणालीस. "मी हयंच बसलंय."

मी उठून बाथरूममध्ये गेले. किती वेळ होते देव जाणे. परत आले तर तू ट्रेमधल्या उरलेल्या स्लाइड वाचत होतीस. माझी वाट न बघता चिठ्ठ्याही लिहून ठेवल्या होत्यास. मला त्या क्षणी तुझ्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या, आणि गळ्यात पडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. खुर्ची ओढून पुढची स्लाइड वाचायला घेतली. आपण कसल्या बायका आहोत सुलू!

त्यानंतरचं भांडण तुझ्या अंथरुणाशी सुरू झालं आणि तिथेच अर्धवट राहिलं. मी दर वेळी तेच म्हणायचे. एवढ्या वर्षांची मैत्रीण मी, आणि स्वतःचाच ओळखीचा नियम मोडून, माझ्या तोंडून, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात तू ते वदवून घेतलंस! आधी सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मी तुझा हात धरला असता, मग दोघींनी मिळून बघितलं असतं. तू उशीला टेकून ऐकून घ्यायचीस. डोक्याला तो अबोली रुमाल बांधलेला, ओठ फाटलेले, आणि डोळ्यांत तीच मिश्किली. एकदाच नीट उत्तर दिलंस.

"सांगितलं असतं तर तू माझ्याकडे बघितलं असतंस. स्लाइडकडे नाही."

मला इतका संताप आला. म्हटलं, मी काय काल आलेय कामाला? माझी नजर तुला एवढी कच्ची वाटते? कोणीही समोर आला तरी मी पेशीला पेशीच म्हणणार. तू म्हणालीस, मरांदे गो. मी म्हटलं, मरांदे काय, उत्तर दे. तेवढ्यात नर्स आली सलाइन बदलायला.

शेवटच्या खेपेला तू फार थकली होतीस. मी मुद्दाम तोच विषय काढला. वाटलं, चिडलीस तर जरा रंग येईल तोंडावर. तू डोळे मिटूनच म्हणालीस, पुढच्या वेळी. पुढची वेळ तू येऊच दिली नाहीस. त्यामुळे माझा राग आहे तसाच आहे, घडी घालून कपाटात ठेवता येत नाही तो. घरी मी तुझ्यासाठी मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, आणि वंदना संपल्यावर फोटोपुढे पुन्हा तुलाच ओरडले. मुलगा आतून विचारत होता, आई कोणाशी बोलतेयस?

आता मीटिंगकडे येते. माझा तोंडाचा पट्टा थांबल्यावर साहेब शांतपणे म्हणाले, ठीक आहे, पुरावा दाखवा. तुमची आणि सुलभाताईंची उत्तरं जिथे वेगळी पडली आणि त्यामुळे पेशंट वाचला, अशा केस दाखवा. महिनाअखेरपर्यंत वेळ देतो.

मी शोधलं. जुनं सगळं उपसलं. फरक होते, पण बारीकसारीक, कोणाच्या जिवावर बेतेल असे नाहीत. मोठ्या गोष्टीत आपण दोघी कायम एकाच सुरात. म्हणजे बघ, आपण इतकं नीट काम केलं की ते काम गरजेचं होतं हेच सिद्ध होईना. मी साहेबांना म्हटलं, आम्हाला माहीत असायचं की पुढची बाई बघणार आहे, म्हणून पहिलीही डोळ्यांत तेल घालून बघायची, हे कुठे दाखवू तुम्हाला? ते म्हणाले, ते मला वर सांगता येणार नाही. खरं सांगू का, त्यांचंही बरोबर होतं. महिना सरत आला. रेश्मा रोज विचारायची, ताई, मी खालीच जाणार ना? मी म्हणायचे, गप बस आणि स्लाइड बघ. आतून माझा धीर सुटत चालला होता, पण तिला तसं दाखवून कसं चालेल?

आणि मग कॅन्टीनचे मामा आले.

मामा म्हणजे तुला ज्यांनी कधी साखर घातलेला चहा दिला नाही आणि मला कधी बिनसाखरेचा दिला नाही, तेच. त्यांच्या नातीला ताप, उतरतच नव्हता. कॉलेजात जाते ती, मागे एकदा परीक्षेआधी तू तिला पेन दिलं होतंस. हे सगळीकडे तापाचे दिवस, लॅबमध्ये नमुन्यांचा ढीग. मामा आतच आले, हातात पावती, त्यावरचा नंबर मला दाखवत. म्हणाले, ताई, डेंगूच असेल ना? मी म्हटलं, बघते मामा. ते म्हणाले, तुम्ही बघा हां, दुसऱ्या कोणाला देऊ नका. आणि दारात उभे राहिले, टोपी हातात घेऊन.

नियम मला ठाऊक होता. ओळख असेल तर हात लावायचा नाही. रेश्मा जेवायला गेली होती. मामा दारात होते. मी त्या नंबरची स्लाइड ओढली आणि बघितली. मशीनने घंटी वाजवली होती, पेशी मोठ्या होत्या, निळसर होत्या. पण तापात पांढऱ्या पेशी अशाच फुगतात, भडकतात, हे आपण हजारदा बघितलंय. मी चिठ्ठीवर लिहिलं, तापाच्या पेशी. मामांकडे बघून मान हलवली, म्हणजे काळजी नको. ते हात जोडून गेले. मला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं गं.

रेश्मा आली. मी काही न बोलता ट्रे तिच्याकडे सारला. पट्टी लावलेली होतीच. तिने वाचायला घेतलं. ती कोळीण, आवाज तुला माहीत आहे, लॅबच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. पण त्या स्लाइडवर ती थांबली. परत बघितलं. जागा बदलून बघितलं. मग बारीक आवाजात म्हणाली, "ताई, हे मला ब्लास्ट वाटतायत."

मी चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. ती वाचून तिचा चेहराच पडला. म्हणाली, नाही ताई, मग माझंच चुकलं असेल, तुम्ही म्हणताय तर तापाच्याच असतील. पट्टी काढायला हात पुढे केला तिने. मी तिचा हात धरला. म्हटलं, थांब. उठ तिथून.

मी तिच्या खुर्चीत बसले आणि डोळा लावला. काय सांगू तुला! त्याच पेशी होत्या. मघाशी होत्या त्याच, त्याच जागी. कच्च्या, एकसारख्या, आत ते फिकट ठिपके. पहिल्या वर्षाच्या पोरीने ओळखाव्यात अशा. मी मघाशी काय बघितलं होतं मग? मी मामांची टोपी बघितली होती.

 मी रेश्माला म्हटलं, तू बरोबर आहेस, मी चुकले, आता तुझं उत्तरही चिठ्ठीवर लिहून दे. तिला ते ऐकून आनंद झाला नाही, ती घाबरली. आपल्याकडे अजून कोणाला सीनियरला चूक म्हणायची सवय नाही. तू आणि मी सोडून.

स्लाइड आणि दोन्ही चिठ्ठ्या घेऊन मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दाराबाहेर पाय क्षणभर अडले, खोटं कशाला बोलू. माझी नोकरी थोडी राहिलीय. एवढी वर्षं 'प्रज्ञाताई म्हणाल्या म्हणजे झालं' असं लोक म्हणतात, ते एका दुपारी जाणार होतं. रेश्माची चिठ्ठी तेवढी पुढे करून मोकळी झाले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पण मग साहेबांना हवा तो पुरावाही मिळाला नसता. मी आत गेले.

आधी स्लाइड दिली. म्हटलं, बघा. त्यांनी बघितली आणि लगेच फोन उचलला, मुलीला बोलवून घ्यायला सांगितलं. मग मी चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी दोन्ही वाचल्या आणि विचारलं, ही तापाच्या पेशी म्हणणारी कोणाची?

"माझी," मी म्हटलं. "तुम्हाला पुरावा हवा होता ना, साहेब? हा घ्या. पहिल्या तारखेनंतर हा रिपोर्ट माझ्या शब्दावर साधा म्हणून गेला असता."

त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारीशेजारी ठेवल्या. मग म्हणाले, हे तुम्ही झाकू शकला असतात. मी म्हटलं, झाकलं असतं तर दुसरी नजर बंद झाली असती, आणि आज ना उद्या दुसऱ्या कोणाची पोरगी तापाच्या गोळ्या खात घरी बसली असती. ते म्हणाले, मला हे सगळ्या डिपार्टमेंटसमोर मांडावं लागेल, तुमच्या नावासकट. मी म्हटलं, तुम्ही कशाला मांडता? मीच मांडते.

मांडलं. उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मामा, टोपी, मोडलेला नियम, सगळं. पोरंपोरी माझ्याकडे बघत होती. शेवटी मी म्हटलं, मी इथे सगळ्यांत जुनी आहे, आणि माझी नजर हटली. तुमची हटणार नाही असं ज्याला वाटतं त्याने हात वर करा. कोणी केला नाही. दुसरी नजर चालू राहिली. रेश्मा खाली गेली नाही. ती सुट्टीवर असेल त्या दिवशी साहेब स्वतः तिच्या खुर्चीत बसतात, आणि मी त्यांना पट्टी लावूनच स्लाइड देते. परवा नाव बघू गेले, तर मी म्हटलं, साहेब, हात खाली. ठेवला त्यांनी.

मामांच्या नातीचे उपचार सुरू झालेत. पुढे काय ते आत्ता कोणालाच सांगता येणार नाही. मामा परवा चहा घेऊन आले आणि म्हणाले, ताई, तुमच्यामुळे लवकर कळलं म्हणे. मी म्हटलं, माझ्यामुळे नाही मामा. मी चुकले होते. त्या रेश्माला सांगा. ते दुसरा कप घेऊन तिच्या टेबलाकडे गेले.

एवढं सगळं झालं आणि मग, बेसिनपाशी हात धुताना, तुझं उत्तर मला कळलं. ऐकलं होतं, पण कळलं आत्ता. कॅन्टीनच्या मामांची नात होती ती, माझी कोणी नव्हती. तिच्यासाठी माझी नजर एवढी घसरली. तू होतीस माझी सुलू. तू त्या दुपारी कानात सांगितलं असतंस की ही माझी आहे, जरा बघ, तर मी बघितलं असतं आणि म्हटलं असतं, काही नाही गं, तापाच्या पेशी आहेत, जा घरी, आराम कर. नक्की म्हटलं असतं. आणि तू माझ्यावर विश्वास ठेवला असतास, कारण तुलाही तेच ऐकायचं असतं. उपचार आणखी उशिरा सुरू झाले असते. मिळाले तेवढे महिनेही आपल्याला मिळाले नसते. तुझ्या लेकीच्या लग्नात तू तो रुमाल बांधून नाचलीस, तेही झालं नसतं.

तर भांडण संपलं, सुलू. तू बरोबर होतीस. मी आयुष्यात कोणाशीही असं हरलेले नाही, आणि पुढे हरेन असं वाटत नाही. पण हे कबूल करायला मला तुझं तोंड समोर हवं होतं. 'पुढच्या वेळी' म्हणून तू निघून गेलीस, त्याबद्दल मात्र मी तुला माफ करणार नाही.